झाकली मूठ आणि रक्ताचा थेंब



कापसाचा हंगाम सुरू झाला, की चाळीसगावकडे येणाऱ्या रस्त्यांवर कापसाने भरलेल्या गाड्या दिसू लागतात. गाडी व्यापाऱ्याकडे जाते, काट्यावर चढते आणि वजन सांगितले जाते. शेतकऱ्याच्या मनात शंका आली तर तो काय करतो? तीच गाडी तो दुसऱ्या काट्यावर नेऊन पाहतो. दोन्ही वजने जुळली, की तो निश्चिंत होतो. नाही जुळली, तर ‘मापात पाप’ आहे हे त्याला कळते. काट्याच्या आतील रचना त्याने शिकलेली नसते. पण विज्ञानातले एक मोठे तत्त्व त्याला चांगले ठाऊक असते: जे माप दुसऱ्याला पडताळून पाहता येत नाही, ते माप नव्हेच.

आता असा एक व्यापारी डोळ्यांपुढे आणा, की जो म्हणतो, “वजन मी सांगेन तेच. काट्यावर कापड झाकलेले राहील. काटा कसा चालतो हे आमचे गुपित आहे.” त्याच्याकडे कोणी कापूस नेईल का? तुम्ही म्हणाल, मुळीच नाही. पण याच शतकात, विज्ञानात आघाडीवर असलेल्या अमेरिकेत, अशा झाकलेल्या काट्यावर हजारो लोकांनी विश्वास टाकला. आणि त्या काट्यावर कापूस तोलला जात नव्हता. तोलले जात होते माणसांचे रक्त.

एका थेंबात दोनशे तपासण्या

२००३ साली एलिझाबेथ होम्स या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीने अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शिक्षण सोडून एक कंपनी काढली. उपचार आणि निदान या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांची मोडतोड करून तिने कंपनीचे नाव ठेवले ‘थेरॅनॉस’. २००९ मध्ये रमेश ‘सनी’ बलवानी हे संगणक-व्यवसायातील गृहस्थ तिच्या जोडीला आले. वैद्यकशास्त्राचे शिक्षण दोघांचेही नव्हते.

कल्पना मात्र मोहक होती. आज रक्त तपासायचे म्हणजे दंडाला पट्टा बांधून शिरेत सुई घालावी लागते आणि नळीभर रक्त काढावे लागते. त्याऐवजी बोटाच्या टोकाला बारीकसे टोचून दोन-चार थेंब घ्यावेत, ते एका पेटीएवढ्या यंत्रात घालावेत आणि दोनशेहून अधिक तपासण्या स्वस्तात व झटपट करून द्याव्यात, असे कंपनीचे म्हणणे होते. त्या यंत्राला थोर संशोधकाच्या नावावरून ‘एडिसन’ म्हणत.

ज्यांना सुईची भीती वाटते, ज्यांचे गाव प्रयोगशाळेपासून दूर आहे, ज्यांना तपासणीचा खर्च झेपत नाही, त्या सर्वांना हे वरदानच वाटले असते. म्हणूनच लोकांनी त्यावर विश्वास ठेवला. गुंतवणूकदारांनी ७० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम ओतली. २०१४ मध्ये कंपनीची किंमत ९०० कोटी डॉलर धरली जात होती. संचालक मंडळात जॉर्ज शुल्ट्झ आणि हेन्री किसिंजर हे अमेरिकेचे दोन माजी परराष्ट्रमंत्री होते. रक्ततपासणीच्या शास्त्रात ज्यांचे आयुष्य गेले, अशी माणसे मात्र तिथे जवळजवळ नव्हतीच. २०१३ पासून ‘वॉलग्रीन्स’ या औषधविक्रेत्या कंपनीच्या काही दुकानांत थेरॅनॉसची रक्ततपासणी सुरू झाली. त्यांतील बहुतेक दुकाने ॲरिझोना राज्यात होती.

यंत्राच्या आत काय होते, हे पाहण्यापूर्वी आपण वेगळाच प्रश्न विचारू. असे यंत्र करणे अवघड का असावे?

थेंब लहान, अडचणी मोठ्या

पहिली अडचण नमुन्याच्या आकाराची आहे. ती समजण्यासाठी स्वयंपाकघरात एक प्रयोग करून पाहा. पाच वाट्या दादर ज्वारी घ्या. तिच्यात पाच-सहा लहान चमचे काळे उडीद घालून चांगले मिसळा. आता डोळे मिटून एक चमचा धान्य काढा, त्यातले उडीद मोजा, आकडा लिहा आणि धान्य परत टाकून पुन्हा मिसळा. असे दहा वेळा करा. कधी दोन उडीद येतील, कधी सहा, एखाद्या वेळी एकही येणार नाही. धान्य तेच, मिश्रण तेच, तरी आकडे नाचतात!

या नाचण्यालाही नियम आहे. सरासरी संख्या जितकी, तिच्या वर्गमुळाइतका चढउतार साधारणपणे धरावा. चमच्यात सरासरी ४ उडीद येत असतील, तर वर्गमूळ २. म्हणजे दर तीन खेपांपैकी सुमारे दोन खेपांना आकडा २ ते ६ यांच्या दरम्यान राहील. चूक ५० टक्के झाली. आता पंचवीस चमचे मावतील असे भांडे घ्या. त्यात सरासरी १०० उडीद येतील. वर्गमूळ १०, म्हणजे चूक फक्त १० टक्के. नमुना पंचवीसपट केला, तेव्हा चूक पाचपट घटली.

रक्तातही असेच घडते. पण सर्व घटकांच्या बाबतीत नाही. तांबड्या पेशी एका घन मिलिमीटर रक्तात सुमारे पन्नास लाख असतात. त्या मोजायला एक थेंब पुष्कळ झाला. पण काही आजारांत रक्तात शिरलेले जीवाणू इतके विरळ असतात, की एका मिलिलिटरमध्ये एखादा सापडला तर सापडला. म्हणूनच त्यांच्या शोधासाठी मोठ्या माणसाचे दहा-वीस मिलिलिटर रक्त घेतात. बोटाचा थेंब एका मिलिलिटरच्या विसाव्या भागाएवढा धरला, तर अशा वीस थेंबांपैकी एकोणीस थेंबांत तो जीवाणू नसेलच! यंत्र कितीही हुशार असले, तरी जे थेंबात नाही ते त्याला कसे दिसणार?

दुसरी अडचण पातळ करण्याची. एका थेंबातून अनेक तपासण्या करायच्या, तर तो थेंब वाटून घ्यावा लागतो आणि यंत्राला पुरेल इतका द्रव व्हावा म्हणून त्यात दुसरे द्रावण घालावे लागते. समजा, एका यंत्राची चूक नेहमी एक एककाएवढी असते. एखाद्या पदार्थाचे प्रमाण १०० असेल, तर यंत्र ९९ ते १०१ दाखवील. चूक एक टक्का. तोच नमुना दसपट पातळ केला, तर प्रमाण १० होईल आणि यंत्र ९ ते ११ दाखवील. मूळ प्रमाण काढण्यासाठी आपण दहाने गुणले, की उत्तर येते ९० ते ११०. द्रावण वाढले, त्याबरोबर चूकही दसपट झाली.

तिसरी अडचण बोटाच्या रक्ताची. शिरेतील रक्त सुईतून सरळ नळीत येते. बोट टोचल्यावर आणि दाबल्यावर मात्र रक्ताबरोबर पेशींभोवतीचा पाण्यासारखा द्रवही बाहेर येतो. दाबामुळे काही तांबड्या पेशी फुटतात. या पेशींच्या आत पोटॅशियमचे प्रमाण बाहेरच्या रक्तद्रवापेक्षा वीस-पंचवीस पट असते. पेशी फुटल्या, की ते सारे बाहेर पडते आणि निरोगी माणसाचे पोटॅशियमही धोक्याच्या पातळीवर गेलेले दिसते. अमेरिकेतील राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एकाच बोटाच्या लागोपाठच्या थेंबांची तुलना केली. हिमोग्लोबिनसारख्या साध्या मोजणीतही थेंबाथेंबात इतका फरक पडला, की शिरेतील रक्ताइतके स्थिर उत्तर मिळवण्यासाठी सहा ते नऊ थेंबांची सरासरी काढावी लागली.

इथे तुमच्यापैकी कोणीतरी हात वर करील. “पण हिवतापासाठी आरोग्यसेवक बोटच टोचतात ना? मधुमेहाचे रुग्ण घरी एका थेंबावर साखर मोजतात, त्याचे काय?” शंका अगदी योग्य आहे. त्या तपासण्या एका थेंबाला एकच प्रश्न विचारतात. हिवतापाच्या वेळी काचपट्टीवरील रक्तात परजीवी आहेत का, एवढेच पाहायचे असते. साखरेचे रेणू थेंबात विपुल असतात आणि थोडी चूक चालण्यासारखी असते. शिवाय या पद्धती वर्षानुवर्षे उघडपणे तपासल्या गेल्या आहेत. त्यांची चूक किती, हे छापील स्वरूपात सर्वांना उपलब्ध आहे. थेरॅनॉसने एकाच थेंबाला दोनशे प्रश्न विचारण्याचे वचन दिले होते.

कंपनी सुरू होण्यापूर्वीच स्टॅनफर्डच्या वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापिका फिलिस गार्डनर यांनी होम्सची अशीच एक पहिली कल्पना ऐकून ती चालणार नाही, असे स्पष्ट सांगितले होते. पण कल्पना चुकणे हा गुन्हा नाही. विज्ञानाच्या इतिहासात चुकलेल्या कल्पनांचे ढीग पडले आहेत. गुन्हा पुढे झाला.

कापडाखाली काय होते?

एडिसन पेटीत एक छोटा यांत्रिक हात होता. तो नमुना उचलून रसायनांत मिसळी आणि निघणारा प्रकाश मोजून यंत्र आकडा देई. या यंत्रावर प्रत्यक्षात जेमतेम डझनभर प्रकारच्या तपासण्या होत असत. उरलेल्या तपासण्या कंपनी चक्क बाजारातून विकत घेतलेल्या, सीमेन्ससारख्या कंपन्यांच्या नेहमीच्या यंत्रांवर करीत होती. त्यांतील काही यंत्रांत फेरफार करून त्यांवर बोटाचे रक्त पातळ करून चालवले जाई. अनेक ग्राहकांचे रक्त तर सरळ शिरेतूनच घेतले जात होते. बाहेर मात्र क्रांतिकारक नव्या यंत्राचा डंका वाजत होता.

हे झाकून ठेवायला मोठी तटबंदी लागली. एका विभागाने दुसऱ्या विभागाशी कामाविषयी बोलू नये, असा दंडक होता. नोकरांकडून गुप्ततेच्या करारांवर सह्या घेतल्या जात. कोणी प्रश्न विचारला, तर वकिलांची भीती असे. तपासणीसाठी आलेल्या सरकारी अधिकाऱ्यांना नेहमीची यंत्रे असलेली खोली दाखवण्यात आली. एडिसन यंत्रे ज्या खोलीत होती, ती दाखवली गेली नाही. ‘फायझर’ या औषध कंपनीचे बोधचिन्ह थेरॅनॉसच्या एका अहवालावर, त्या कंपनीची परवानगी न घेता, छापून तो अहवाल इतरांना पाठवण्यात आला. न्यायालयात होम्सने ते चिन्ह आपणच टाकल्याचे मान्य केले.

आपल्याकडे म्हण आहे, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’. थेरॅनॉसची झाकली मूठ ९०० कोटी डॉलरांची होती.

गुपित कशाचे असावे, कशाचे नसावे?

“पण उद्योगधंद्यांत गुपिते असतातच की!” असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. मिठाईवाला आपली खास कृती कोणाला सांगत नाही. त्यात गैर काहीच नाही. मिठाई गोड आहे की नाही, हे गिऱ्हाईक जिभेवर ठेवून ठरवू शकते. नव्या शोधासाठी पेटंटची सोयही आहे. संशोधकाने आपला शोध कागदावर सर्वांसाठी उघड करायचा आणि त्याबदल्यात सरकारने त्याला साधारण वीस वर्षे त्या शोधाचा एकाधिकार द्यायचा, असा हा सौदा आहे.

रक्ततपासणीचे तसे नाही. तुमचे कोलेस्टेरॉल किती, हे तुम्हाला जिभेवर ठेवून कळत नाही. अहवालावरचा आकडा खरा की खोटा, हे रुग्णाला स्वतःहून समजण्याचा मार्गच नाही. म्हणून यंत्राची रचना गुपित राहिली तरी एक वेळ चालेल. यंत्र किती चुकते, हे गुपित राहता कामा नये.

यासाठीच प्रयोगशाळांनी दोन साध्या सवयी लावून घेतल्या आहेत. पहिली सवय म्हणजे ज्या नमुन्याचे उत्तर आधीच माहीत आहे, असा नमुना रोज यंत्रावर चालवून पाहायचा. उत्तर ठरलेल्या मर्यादेत आले, तरच रुग्णांचे नमुने घ्यायचे. दुसरी सवय म्हणजे बाहेरच्या संस्थेने पाठवलेला अनोळखी नमुना तपासून उत्तर कळवायचे. आपल्या देशात वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज असे नमुने अनेक प्रयोगशाळांना पाठवते. म्हणजे शेतकऱ्याने गाडी दुसऱ्या काट्यावर नेण्यासारखेच झाले! यात अट एकच: रुग्णांचे रक्त ज्या यंत्रावर तपासता, त्याच यंत्रावर हाही नमुना तपासायचा.

दोन तरुणांची शंका

थेरॅनॉसमध्ये या दोन्ही सवयी मोडल्या जात होत्या. ते ज्यांच्या लक्षात आले, त्यांत एरिका चंग आणि टायलर शुल्ट्झ हे दोघे होते. दोघेही नुकतेच महाविद्यालयातून बाहेर पडलेले. तुमच्याहून वयाने सात-आठ वर्षांनीच मोठे.

एरिकाला दिसले, की उत्तर माहीत असलेल्या नमुन्यावर एडिसन यंत्रे वारंवार नापास होत आहेत. मग मिळालेल्या आकड्यांतले न जुळणारे आकडे वगळून उरलेल्यांवर काम भागवले जाई. टायलरला दिसले, की एका रोगाच्या तपासणीबद्दल कंपनी १०० पैकी ९५ बाधित ओळखल्याचा दावा करते. पण बाधितांचे तेच नमुने पुन्हा चालवले, तर एका खेपेला ६५ टक्के आणि दुसऱ्या खेपेला ८० टक्केच ओळखले जातात. बाहेरून आलेल्या नमुन्यांची उत्तरेही एडिसनवरची नव्हे, तर विकतच्या यंत्रावरची कळवली जात होती.

मित्रांनो, इथे क्षणभर थांबून आपल्या प्रयोगवहीकडे पाहा. लंबकाच्या प्रयोगात उत्तर ९.८ यायला हवे, हे आपल्याला आधीच ठाऊक असते. मग न जुळणारे निरीक्षण खोडून जुळणारे लिहिण्याचा मोह कोणाला झाला नाही? तेव्हा त्यात कोणाचे नुकसान होत नाही, असे वाटते. पण सवय तीच. वहीत ती दोन गुण मिळवून देते, प्रयोगशाळेत ती रोग्याच्या जिवावर उठते.

टायलर हा संचालक जॉर्ज शुल्ट्झ यांचा नातू. त्याने आधी होम्सला आणि मग आजोबांना सांगून पाहिले. आजोबांनी नातवापेक्षा होम्सवर विश्वास ठेवला. टायलरने २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या अधिकाऱ्यांना नाव बदलून पत्र पाठवले आणि नोकरी सोडली. एरिकानेही नोकरी सोडली आणि २०१५ मध्ये केंद्र सरकारच्या तपासणी खात्याला सविस्तर लिहिले. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या वृत्तपत्राचे वार्ताहर जॉन कॅरेरू यांनी अशा अनेकांशी बोलून ऑक्टोबर २०१५ मध्ये पहिला लेख छापला. कापड बाजूला सरकले.

हिशेब

त्यानंतर घटना भराभर घडल्या. सरकारी तपासनिसांनी जानेवारी २०१६ मध्ये कळवले, की कंपनीच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत रुग्णांच्या आरोग्याला तातडीचा धोका आहे. कंपनीला २०१४ आणि २०१५ या दोन वर्षांतील एडिसनचे सर्व निकाल रद्द करावे लागले. जुलै २०१६ मध्ये त्या प्रयोगशाळेचा परवाना काढून घेण्यात आला. सप्टेंबर २०१८ मध्ये कंपनी बंद झाली. जानेवारी २०२२ मध्ये होम्स गुंतवणूकदारांची फसवणूक केल्याच्या चार आरोपांवर दोषी ठरली आणि तिला अकरा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा झाली. बलवानी बारा आरोपांवर दोषी ठरले, त्यांत रुग्णांच्या फसवणुकीचे आरोपही होते. त्यांना जवळजवळ तेरा वर्षांची शिक्षा झाली.

पण खरा हिशेब रुग्णांचा. एकट्या ॲरिझोनात सुमारे १,७५,००० लोकांनी थेरॅनॉसकडून तपासणी करून घेतली होती. एका गर्भवतीने न्यायालयात सांगितले, की थेरॅनॉसच्या आकड्यांवरून तिचा गर्भ टिकत नसल्याचे तिला कळवण्यात आले. याआधी तिचे गर्भपात झालेले होते. दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासणी केल्यावर गर्भ व्यवस्थित असल्याचे दिसले आणि पुढे तिला सुखरूप मुलगी झाली. दुसरा काटा जवळ होता, म्हणून बरे!

पाटणचा शिलालेख

चाळीसगावपासून काही कोसांवर डोंगराच्या पायथ्याशी पाटण आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला किंवा सहलीला तुम्ही गेला असाल. तिथे सापडलेला एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. थोर गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि इतर ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापन केला आणि शके ११२८, म्हणजे सुमारे १२०७ साली, त्या मठाला दान देण्यात आले, असे त्यात कोरलेले आहे.

भास्कराचार्यांनी आपल्या ग्रंथावर स्वतःच एक टीका लिहिली. तिचे नाव ‘वासनाभाष्य’. येथे वासना म्हणजे नियम खरा का, याची उपपत्ती. एवढा मोठा आचार्य. ‘मी सांगतो म्हणून माना’ असे तो सहज म्हणू शकला असता. पण त्याने कारणे लिहून ठेवली आणि नातवाने ती शिकवण्याची सोय केली. ज्याला शंका असेल, त्याने यावे, शिकावे आणि स्वतः गणित करून पाहावे!

आठशे वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यात दगडावर कोरले गेले, ते आजही तितकेच खरे आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी प्रयोगशाळेत काम करील, कोणी नवे यंत्रही बनवील. एका थेंबातून अनेक रोग ओळखणारे चांगले यंत्र कदाचित तुमच्याच हातून घडेल. तेव्हा त्याच्यावर कापड झाकू नका. त्याची चूक किती, हे आधी तुम्ही मोजा आणि मग दुसऱ्याला मोजू द्या.

वर्गात चर्चेसाठी

१. ज्वारी-उडदाचा प्रयोग करून दहा चमच्यांचे आकडे फळ्यावर लिहा. सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या आकड्यांत किती फरक पडला? चमच्याऐवजी वाटी घेतल्यास काय होते?

२. सरासरी ४०० दाणे येत असतील, तर वर्गमुळाच्या नियमाने चूक किती टक्के?

३. तुमच्या घरातील कोणत्या मोजमापांची पडताळणी दुसऱ्या साधनाने करता येईल? तापमापक, वजनकाटा आणि घड्याळ यांपासून सुरुवात करा.

४. प्रयोगवहीत न जुळलेले निरीक्षण खोडण्याऐवजी ते तसेच ठेवून त्याचे कारण शोधले, तर आपण काय शिकू?